हळद घालायच्या आधी फीडचा वास घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सिन्नरकडं पाच हजार ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेड, कंपनीचा करार नाही, ओपनमध्ये करता, फीड स्वतःच्या मिक्सरवर बनवता. मागच्या मे महिन्यातल्या बॅचला मर नऊ टक्क्यांवर गेली, एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागलेलं फीड, 1.75 आला. आता दुकानदार म्हणतोय हर्बल अँटिऑक्सिडंटचा डबा टाका, शेजारचे म्हणतायत हळद-लसूण-शेवगा चालू करा आणि अँटिबायोटिक पूर्ण बंद करा. तुम्ही विचारलंय की काय घालू, किती घालू, आणि याने खरंच काही होतं का.

होतं. मी पशुवैद्यक आहे, बावीस वर्षं ब्रॉयलरमध्येच काम करतोय, नगर-नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात शेडं बघतो आणि ओपनवाल्यांचे फॉर्म्युले बसवून देतो. हळद, ओवा, लसूण, आवळा हे सगळं मी वापरलंय आणि आजही वापरतो. पण यातली एकेक गोष्ट एकेक ठरावीक काम करते, आणि आपल्याला नेमकं कुठलं काम करून घ्यायचंय हे ठरवल्याशिवाय पोतंभर पावडर ओतली तर पैसे शेणात जातात. त्यामुळं मी आधी तुमच्या मे महिन्यातल्या बॅचकडं वळतो, कारण मला शंका आहे की तिथं हळद कमी पडली नव्हती.

एक केस सांगतो. संगमनेरच्या बाजूला एका शेतकऱ्याचा फोन आला, एकवीस-बावीस दिवसांची पिल्लं, मान वाकडी करून पडतायत, मानमोडी (राणीखेत) आलीय, लासोटाची लस परत देऊ का. मी म्हटलं थांबा, येतो. जाऊन बघितलं तर पिल्लं पाठीवर पडलेली, डोकं मागं ओढलेलं, पाय सायकल मारल्यासारखे हलतायत, पण श्वासाची घरघर नाही, हिरवी हगवण नाही, आणि शेजारची पिल्लं ठणठणीत खातायत. मानमोडी अशी येत नाही. दोन पिल्लं फाडली, कवटी उघडली तर मागचा छोटा मेंदू सुजलेला आणि त्याच्यावर रक्ताचे बारीक ठिपके. मग फीडच्या खोलीत गेलो. दार उघडल्या उघडल्या जुन्या तळणीच्या कढईसारखा वास. तेलाचा ड्रम झाकण न लावता पत्र्याखाली दीड महिना उभा, आणि भाताचा कोंडा गिरणीवरून आणून दोन महिने झालेले. मूठभर फीड तळहातावर चोळून त्यांना हुंगायला दिलं, ते म्हणाले असाच वास असतो की. नसतो. चांगल्या ताज्या फीडला भरडलेल्या मक्याचा गोडसर वास येतो.

याला व्हिटॅमिन ई ची कमतरता म्हणतात, पण प्रिमिक्समध्ये, म्हणजे फीडमध्ये घालायच्या तयार जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणात, ई होतं, लेबलप्रमाणं घातलेलंही होतं. झालं असं की खवट तेलानं ते खाऊन टाकलं. तेलातली चरबी हवेशी आणि उन्हाशी खेळली की तिच्यात पेरॉक्साइड तयार होतात, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळीच चालू होते, आणि ही साखळी तोडायला जो पहिला पुढं होतो तो म्हणजे ई. तो तिथंच, पोत्यातच किंवा आतड्यात खर्च होतो, पिल्लाच्या मेंदूपर्यंत, स्नायूपर्यंत पोचतच नाही. आम्ही तेल बदललं, कोंडा बंद केला, पाण्यातून ई आणि सेलेनियम दिलं, चार-पाच दिवसांत नवीन पिल्लं पडायची थांबली. जी आधीच पाठीवर पडली होती ती बहुतेक वाचली नाहीत. हे बघवत नाही, आणि हे टाळता येण्यासारखं होतं म्हणून जास्त लागतं.

म्हणून अँटिऑक्सिडंट हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न हा विचारा, कोणाला वाचवायचंय, फीडला की पक्ष्याला? ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानात दोन्ही एकाच नावानं विकतात. फीडला वाचवायला तेलातच काहीतरी मिसळलेलं लागतं. कारखान्यात बीएचटी हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट वापरतात, साधारण टनाला सव्वाशे ग्रॅमपर्यंत, आणि नैसर्गिक हवं असेल तर रोझमेरीचा अर्क किंवा मिश्र टोकोफेरॉल (ई ची नैसर्गिक रूपं) मिळतं, जरा महाग पडतं. पक्ष्याला वाचवायला ई, सेलेनियम, सी, आणि हळद-आवळ्यासारख्या वनस्पती. आता यात एक मेख आहे जी फार कमी जणांना माहीत असते. प्रिमिक्समधलं ई हे ॲसिटेट रूपात असतं, म्हणजे त्याला एक टोपी घातलेली असते, म्हणून ते साठवणीत टिकतं. पण टोपी आहे तोपर्यंत ते कामही करत नाही. आतड्यात टोपी निघते आणि मग ते पक्ष्याच्या कामाला येतं. म्हणजे मी ई जास्त घातलंय, आता तेल खवट होणार नाही, हा हिशोब चुकीचा आहे. तेलाला ते काडीचाही आधार देत नाही.

तर तुमच्यासाठी पहिलं काम, फुकटातलं. तेल पंधरा दिवसांचंच आणा, ड्रम सावलीत, झाकण घट्ट, आणि जुन्या ड्रममधल्या तळाच्या गाळावर नवीन तेल ओतू नका, कारण तो गाळ विरजणासारखं काम करतो. भाताचा कोंडा तेल न काढलेला असेल तर आठवड्याच्या आत संपवा, नाहीतर तेल काढलेला कोंडा वापरा. कोंड्यात स्वतःचं लायपेज नावाचं एन्झाइम असतं, गिरणीत भात भरडल्यापासूनच ते तेल फोडायला लागतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ते जोरात चालतं. तेल घेताना पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणाचा आकडा, विचारा, पाचच्या आत असेल तर उत्तम, दहाच्या वर असेल तर मी घेत नाही. बनवलेलं फीड उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. एवढं केलंत तर डब्यातलं निम्मं अँटिऑक्सिडंट तुम्हाला विकत घ्यावंच लागणार नाही.

आता उन्हाळा. चार आठवड्यांच्या पुढच्या ब्रॉयलरला बावीस-चोवीस डिग्री आवडतं आणि आपण त्याला चाळीसमध्ये ठेवतो. त्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो, धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रक्त अल्कलीकडं झुकतं. त्यात पेशींच्या आत उष्णतेनं फ्री रॅडिकल वाढतात, आतड्याचं अस्तर ढिलं पडतं, म्हणून उन्हाळ्यात मरतुकीबरोबर पातळ शेण आणि ईकोलाय जंतूंचा त्रासही दिसतो. इथं अँटिऑक्सिडंटला खरं काम आहे. कोंबडी स्वतःचं व्हिटॅमिन सी किडनीत बनवते, एरवी तिला बाहेरून लागत नाही, पण उष्णतेत बनवलेलं पुरत नाही. मी एप्रिल ते जून फीडमध्ये टनाला 250 ग्रॅम कोटिंगवालं सी घालतो, साधं सी मिक्सिंगमध्ये आणि साठवणीत लवकर मरतं. आणि प्रिमिक्समधलं ई कमी असेल तर वाढवून टनाला शंभर ग्रॅम शुद्ध ई, म्हणजे पन्नास टक्क्यांची पावडर असेल तर दोनशे ग्रॅम. सेलेनियमला मात्र हात लावू नका. ते टनाला 0.3 ग्रॅम लागतं, ग्रॅमचा तिसरा हिस्सा, आणि त्याच्या पंधरा-वीस पट गेलं की विषबाधा सुरू होते, त्यामुळं ते प्रिमिक्सवाल्याकडूनच येऊ द्या, हातानं सुटं मिसळायची गोष्टच नाही ती. बीटापासून निघणारं बीटेन टनाला एक किलो, हे उन्हाळ्यात मला आवडतं, ते पेशीत पाणी धरून ठेवतं.

आवळा? आवळा चांगला आहे. त्यात सी आहेच, शिवाय तुरटपणाची जी द्रव्यं आहेत तीही अँटिऑक्सिडंट आहेत. टनाला पाच किलोपर्यंत सावलीत वाळवलेल्या आवळ्याची पावडर मी दिलीय. पण उन्हात कडक वाळवलेला, वर्षभर पोत्यात पडलेला आवळा आणून त्यात ताज्या आवळ्याइतकं सी धरू नका, आणि पाच किलोच्या वर गेलात तर तीच तुरट द्रव्यं प्रोटीन बांधून ठेवतात आणि वजन घटतं. जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त फायदा असं नसतं, काही तर जास्त मात्रेत उलटं काम करायला लागतात.

पण हे सगळं घालूनही दुपारी अकरा ते चार फीडर खाली राहिले तर सगळं वाया, हे मी स्पष्ट सांगतो. पक्षी खातो तेव्हा पचनाची उष्णता त्याच्याच अंगात तयार होते, ती बरोबर भर दुपारी बाहेर पडते. दहाच्या आधी फीडर वर उचला, संध्याकाळी गार झाल्यावर आणि पहाटे द्या, रात्री दोन तास लाईट लावून खाऊ घाला. पाण्याच्या टाकीवर गोणपाट, पाइपलाईन उन्हात असेल तर पेंढ्यानं झाका आणि दुपारी दर तासाला लाईन फ्लश करा, कारण पाइपात उभं राहिलेलं पाणी चाळीसच्या वर जातं आणि पक्षी ते पीत नाही. मागच्या मे मधली तुमची नऊ टक्के मर दुपारी तीन ते सहा मध्ये पडली का, आणि मोठे नर जास्त पडले का, एवढं रजिस्टर बघून तपासा. तसं असेल तर ती उष्णतेची मर आहे आणि तिचं पहिलं औषध पाणी आणि हवा आहे.

आता हळद, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. हळदीतलं कर्क्युमिन खरंच कामाचं आहे, आतड्याची सूज कमी करतं, पित्त सुटायला मदत करतं त्यामुळं तेल बरं पचतं, आणि लिव्हरला आधार देतं. अडचण ही की ते आतड्यातून रक्तात फार कमी शोषलं जातं. माझ्या मते त्यामुळं निराश व्हायचं कारण नाही, कारण ब्रॉयलरची अर्धी दुखणी आतड्यातच असतात आणि तिथं ते पोचतंच. मात्रा टनाला पाच किलो हळद पावडर, म्हणजे अर्धा टक्का. आता हिशोब करू. पक्षी 2.2 किलोला जाताना साधारण 3.4 किलो फीड खातो, म्हणजे त्याच्या पोटात 17 ग्रॅम हळद जाते. हळद दीडशे रुपये किलो धरा, पक्ष्यामागं अडीच रुपये. पाच हजार पक्ष्यांना 85 किलो, पावणेतेरा हजार रुपये. हे परत कधी मिळणार? फीड चाळीस रुपये किलो धरलं तर एफसीआर एका पॉइंटनं, म्हणजे 0.01 नं सुधारला की पक्ष्यामागं 22 ग्रॅम फीड वाचतं, अठ्ठ्याऐंशी पैसे. म्हणजे हळदीचा खर्च निघायलाच एफसीआर तीन पॉइंटनं खाली यायला पाहिजे, फायदा त्याच्या पुढं. तुमचे भाव घालून हाच हिशोब करा. माझा अनुभव असा की स्वच्छ, कोरडं लिटर (पक्ष्यांखाली अंथरलेला भुसा) आणि चांगली पिल्लं असलेल्या शेडमध्ये तीन पॉइंट मिळणं अवघड, आणि जिथं आतडं आधीच त्रासात आहे तिथं मिळतात. म्हणून मी सरसकट पूर्ण बॅच हळद देत नाही. पहिले दहा दिवस, आणि पावसाळ्यात जेव्हा मक्यात बुरशीची शंका असते तेव्हा देतो.

बुरशीवरून, ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओल्या मक्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं, लिव्हर पिवळट, सुजलेलं, बोटानं दाबलं की चुरा होणारं दिसतं, लसी नीट लागत नाहीत. आपल्याकडं पोल्ट्री फीडला 20 पीपीबी (अब्जात वीस भाग) ही मर्यादा आहे. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठातल्या लोकांनी 2008 मध्ये छापलेला एक प्रयोग मी नेहमी सांगतो, त्यांनी अफलाटॉक्सिन दिलेल्या ब्रॉयलर पिल्लांना अर्धा टक्का हळद आणि मातीच्या जातीचा टॉक्सिन बाइंडर दिला, आणि लिव्हरला होणाऱ्या नुकसानापासून काही अंशी संरक्षण मिळालं. काही अंशी, हे लक्षात ठेवा. बाइंडर विषाला आतड्यात धरतो, हळद जे सुटलं त्याचा मार लिव्हरवर कमी करते, म्हणजे दोघं मिळून. बाइंडर बंद करून नुसती हळद, हे करू नका, आणि चौदा टक्क्यांच्या वर ओल असलेला मका घेऊन मग हळदीवर भरवसा, हे तर अजिबात नको.

हळद घेताना हळकुंडं घेऊन स्वतः दळा. सांगली, वसमत बाजूला कणी आणि हलके गड्डे स्वस्तात मिळतात, फीडला ते चालतात, पण फोडून बघा, आतून काळे किंवा बुरशी लागलेले असतील तर तेच अफलाटॉक्सिन तुम्ही पैसे देऊन घालताय. आणि तयार पावडर फार चकाकणारी पिवळीधमक असेल तर घेऊ नका, हळदीत लेड क्रोमेटची भेसळ होते, ते शिसं आहे, ते पक्ष्याच्या मार्फत माणसाच्या ताटात जातं. आणखी एक, हळदीनं कातडी पिवळी होते हा समज सोडा, कातडीचा पिवळेपणा पिवळा मका आणि झेंडूच्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्यांनी येतो.

परदेशी डब्यांवर ओरेगॅनो, थाइम लिहिलेलं असतं आणि लोक त्याला हजारो रुपये देतात. त्यात काम करणारी द्रव्यं म्हणजे कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल. आता थायमॉल आपल्या घरात कशात असतं? ओव्यात. ओव्याचं फूल म्हणून जे पांढरे खडे आयुर्वेदिक दुकानात मिळतात ते थायमॉलच आहे. ओव्याच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास असतं. मला वनस्पतींमधलं सगळ्यात भरवशाचं काही वाटत असेल तर ओवा. आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडियम, ईकोलाय या जंतूंवर थायमॉलचा दाब येतो, पाचक रस सुटतात, आणि ते अँटिऑक्सिडंटही आहे. मी भरडलेला ओवा टनाला दोन ते तीन किलो घालतो, बारा-पंधराव्या दिवसापासून पंचवीसपर्यंत, कारण लिटर ओलं होणं आणि आतड्याचा बिघाड नेमका त्या काळात येतो. भरडून लगेच मिसळा आणि आठवड्यात संपवा, ते उडणारं तेल आहे, वास गेला की काम गेलं. फीडच्या पेलेट (गोळ्या) करत असाल तर ऐंशी डिग्रीच्या वाफेत बरंच उडून जातं, तिथं मात्र कॅप्सूल केलेलं तयार प्रॉडक्टच बरं.

लसूण थोडक्यात. लसणातलं ॲलिसिन पाकळीत तयार नसतं, ठेचल्यावर दोन द्रव्यं एकत्र येऊन बनतं, आणि उष्णतेनं ते बनवणारं एन्झाइमच मरतं. म्हणून उकळलेला लसूण बराचसा वाया. वाळवलेली पावडर टनाला तीन ते पाच किलो, ताजा ठेचून घालायचा तर त्यात पाणीच साठ-पासष्ट टक्के असतं, त्यामुळं मात्रा जवळपास तिप्पट आणि रोजच्या रोज. पाच हजार पक्ष्यांना रोज लसूण ठेचायला माणूस कोण देणार? गावरान दोनशे पक्षी असतील त्यांनी जरूर करावं, तुमच्यासाठी मी सुचवणार नाही. देणारच असाल तर माल उचलायच्या आधी पाच-सात दिवस बंद करा, वासाची तक्रार नको.

शेवगा. वाळलेल्या पाल्यात पंचवीस-सत्तावीस टक्के प्रोटीन असतं म्हणून लोक सोया काढून शेवगा घालायला निघतात, तसं करू नका. त्यात सॅपोनिन, टॅनिन आणि फायबरही येतं. पहिले दहा दिवस शून्य, नंतर दोन टक्के, फार तर तीन. पाच टक्क्यांच्या पुढं वाढ मागं पडायला लागते. स्वतःची शेवग्याची बाग असेल आणि छाटणीचा पाला फेकूनच देत असाल तर सावलीत वाळवून वापरा, रंगही छान येतो. विकत घेऊन परवडत नाही. कडुनिंब मी फीडमध्ये घालत नाही, कडूपणानं खाणं कमी होतं, ब्रॉयलरमध्ये खाणं कमी म्हणजे सगळंच कमी.

आणि काढा करून पाण्यातून द्यायचा विचार असेल तर हे वाचा. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका शेडला आलं-लसूण-तुळशीचा काढा गूळ घालून टाकीतून द्यायला सांगितला होता. टाकीला निपल लाईन होती, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोट्यांची पाइपलाईन. गाळून दिला होता, फडक्यातून दोनदा. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या मागच्या भागात पक्षी निपलखाली गोळा होऊन नुसतं टोचतायत, खाली लिटर कोरडं ठणठणीत. निपल उघडलं तर आत बुळबुळीत तपकिरी थर, बोटाला दोऱ्यासारखा ओढला जाणारा. गुळावर जंतू वाढले, काढ्यातला चोथा त्यात अडकला, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पाणी पोचतच नव्हतं. एप्रिल होता. त्या दिवशी जी मर झाली तिची जबाबदारी माझी होती, आणि तेव्हापासून मी निपल लाईनमधून गूळ, कोरफडीचा गर, कसलाही काढा द्यायला सांगत नाही. हाताचे बेल ड्रिंकर (पाण्याची उघडी भांडी) असतील, रोज घासता येत असतील, तर गोष्ट वेगळी. निपल असेल तर वनस्पती फीडमधून, आणि पाण्यातून फक्त पूर्ण विरघळणारं, आणि त्यानंतर लाईन फ्लश.

आता अँटिबायोटिकचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अँटिबायोटिक नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, वाढीसाठी रोज फीडमध्ये थोडं थोडं घातलं जाणारं. हे बंद कराच. युरोपात 1 जानेवारी 2006 पासून ते पूर्ण बंद आहे, आपल्याकडं कोलिस्टिन जुलै 2019 मध्ये सरकारनं जनावरांसाठी बंद केलं, कारण माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून ते ठेवायचंय. दुसरं, पक्षी खरंच आजारी पडला, फाडून बघून ईकोलाय दिसला, तेव्हा डॉक्टरनं दिलेलं औषध, पूर्ण कोर्स आणि माल उचलायच्या आधी सांगितलेले दिवस मोकळे सोडून. ते बंद करून आजारी पक्ष्याला ओवा देत बसू नका, तो त्याच्यावर अन्याय आहे. तिसरं, कॉक्सीचं, म्हणजे आतड्यातल्या परजीवीनं होणाऱ्या रक्ती हगवणीचं औषध, सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मॅडुरामायसिन वगैरे. नैसर्गिक करायचं म्हणून लोक हे पहिलं काढतात आणि चोवीस दिवसांनी रक्ती हगवण येऊन रडतात. एकही वनस्पती मला अशी दिसलेली नाही की जी ओल्या लिटरवर याची जागा एकटी घेईल. डेन्मार्कचं उदाहरण यासाठीच बघण्यासारखं आहे. तिथल्या ब्रॉयलरवाल्यांनी 1998 मध्ये वाढीची अँटिबायोटिक स्वतःहून सोडली. एफसीआर 1.78 वरून जेमतेम 1.80 च्या जवळ गेला, मर वाढली नाही. पण त्यांनी कॉक्सीसाठी सॅलिनोमायसिन चालूच ठेवलं होतं, आणि ते क्लॉस्ट्रिडियमलाही धरून ठेवतं. म्हणजे त्यांचं नुकसान दोन पॉइंटपेक्षा कमीच झालं, आणि तेवढं तर तुम्ही फीडरची उंची नीट लावून, सांडणारं फीड वाचवून भरून काढाल. जाता जाता, फीडमध्ये सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असेल तर सीआरडीसाठी (श्वासाच्या जुनाट रोगासाठी) टियामुलिन हे अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, दोन्ही मिळून पक्षी लुळे पडून मरतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुकानदारानं दिलेला हर्बल डबा घ्यायचाच असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा: कोणतं काम करणारं द्रव्य किती टक्के आहे, बॅचचा तपासणी रिपोर्ट आहे का, आणि पक्ष्यामागं किती पैसे पडतात. "बत्तीस वनौषधींचा अर्क" एवढंच लिहिलेलं असेल तर सोडून द्या. बत्तीस वनस्पती एका किलोत, मग प्रत्येकीची मात्रा किती उरली?

मिसळायची पद्धत चुकली तर चांगली वस्तूही कामाची नाही. पाच किलो हळद थेट टनाच्या मिक्सरमध्ये टाकू नका. आधी दहा किलो बारीक भरड्यात ती हातानं मिसळा, मग त्याचे पन्नास किलो करा, मग मिक्सरमध्ये, तेल सोडायच्या आधी, म्हणजे गोळे होत नाहीत. कोणाकडं तयार पेलेट किंवा क्रम्बल (पेलेटचा भरडा) येत असेल त्यांनी वरून पावडर भुरभुरू नये, ती फीडरच्या तळाला जाऊन बसते, पक्षी दाणे उचलतो आणि तळाची धूळ तुम्ही चौथ्या दिवशी झटकून टाकता. करारवाल्या भावांना वेगळं सांगतो, फीड कंपनीचं आहे, काहीही घालायच्या आधी सुपरवायझरला विचारा, नाहीतर एफसीआर बिघडला की बोट तुमच्याकडंच येतं.

शेवटी, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, तुमच्या शेडवर बघा. मागच्या बॅचपेक्षा ही बॅच चांगली आली म्हणून ओवा लागू पडला, असं म्हणता येत नाही, पिल्लं वेगळी, हवा वेगळी, मका वेगळा. शेड मध्ये जाळी लावून दोन भाग करा, अडीच-अडीच हजार, एकाच हॅचरीची एकाच दिवसाची पिल्लं दोन्हीकडं सारखी वाटा. एका भागात ओवा, दुसऱ्यात काही नाही. पोती वेगळी मोजा, मर वेगळी लिहा. दर आठवड्याला त्याच दिवशी, सकाळी फीड टाकायच्या आधी, प्रत्येक भागातले शंभर पक्षी दहा-दहाच्या क्रेटमध्ये तोला, आणि कोपऱ्यातले सापडतील ते नाही, वेगवेगळ्या पाच जागांवरचे. पुढच्या बॅचला भाग उलटे करा, कारण पश्चिमेचा भाग दुपारी तापतो आणि त्याचा दोष ओव्याच्या माथी येतो. दोन बॅच केल्यात की तुमच्या शेडपुरतं उत्तर तुमच्या वहीत असेल.

आता बॅच टाकणार आहात तर क्रम असा ठेवा. फीडची खोली रिकामी करून झाडा, जुनं तेल काढा. पहिले दहा दिवस अर्धा टक्का हळद. बाराव्यापासून पंचवीसपर्यंत एका भागात टनाला अडीच किलो ओवा. कॉक्सीचं औषध आहे तसंच चालू. पारा छत्तीसच्या वर जायला लागला की सी आणि बीटेन. लसूण आणि शेवगा या बॅचला नको, एकावेळी इतकं बदललं तर कशानं काय झालं ते कळणार नाही. सातव्या दिवशी पिल्लाचं वजन पहिल्या दिवसाच्या चौपट ते साडेचारपट यायला हवं, म्हणजे चाळीस ग्रॅमचं पिल्लू असेल तर 160 ते 180. ते आलं नाही तर हळदीकडं बघू नका, रात्री दोन वाजता उठून ब्रूडरखाली हात घालून ऊब पुरते का बघा, आणि वीस पिल्लांची गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघा ती भरलेली आणि मऊ आहे का. तो आकडा आणि चौदाव्या दिवसाची दोन्ही भागांची वजनं इथं लिहा, मग पुढचं सांगतो.